वेताळाचं दप्तर

कॉमिक्समधल्या वेताळाच्या कवटीगुहेत एक दालन आहे. तिथं फळ्यांवर जाडजूड वह्या ओळीनं लावलेल्या असतात. १५३६ साली चाच्यांनी बाप मारला, एकटा वाचलेला पोरगा किनाऱ्याला लागला आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली. तिथपासून एकविसाव्या वेताळापर्यंत प्रत्येकानं आपल्या हातानं लिहिलेल्या त्या रोजनिश्या. एक वही गहाळ नाही, एका पानाला वाळवी नाही. बाहेर घनदाट जंगल, दमट हवा, दाराशी बांदार टोळीचे बुटके पहारेकरी, आणि आत चारशे वर्षांचं दप्तर सालवार. एका ठोशात तीन गुंड लोळवणं मला लहानपणीही पटायचं आणि आजही पटतं. दप्तराची ही गोष्ट मात्र कोल्हापुरातले चार पावसाळे काढलेल्या कुणालाही पटायची नाही.

कारण त्याच वेताळाचे मराठी अंक मी या गावात शोधतेय. मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियानं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि १९९०मध्ये बंद केलं. म्हणजे ते बंद पडून अजून चाळीस वर्षंही झालेली नाहीत. तरी मराठी अंकांचं विचाराल, तर चारशे वर्षांपूर्वीचं मोडी दप्तर मिळणं सोपं. आपल्या पुराभिलेखागारात संस्थानचे कागद निदान रुमालात बांधून ठेवलेत. वेताळाला रुमाल कोण बांधणार?

ली फॉक या अमेरिकन लेखकानं १७ फेब्रुवारी १९३६ला वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत हा बुरखेवाला आणला. सुपरमॅन १९३८चा. म्हणजे अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा ही पुढच्या सगळ्या महानायकांची वर्दी आधी वेताळानं घातली. मात्र त्याच्यापाशी दैवी शक्ती म्हणून काही नाही. घोडा आहे, लांडगा आहे, दोन पिस्तुलं आहेत आणि बापामागून मुलगा त्याच पोशाखात उभा राहतो, त्यामुळं तो मरतच नाही अशी ख्याती आहे. आपल्याकडे इलस्ट्रेटेड वीकलीच्या वाचकांना तो आधीपासून ठाऊक होता. त्याचं वेगळं पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा त्या खटाटोपात अनंत पै होते. पुढं १९६७मध्ये त्यांनी अमर चित्र कथा सुरू केली, ते सर्वांना माहीत आहे. पहिला अंक वेताळाच्या पट्ट्याच्या गोष्टीचा. पहिल्या बत्तीस अंकांत दुसरं कुणी नाहीच. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप किर्बी आला. मासिकाचं पाक्षिक झालं, पाक्षिकाचं साप्ताहिक झालं. १९७६मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, भगवा कुडता आणि जीन घातलेला, डाकूचा मुलगा, ज्याला बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानंच वाढवलेलं. त्याची चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. अनेक अंकांची मुखपृष्ठंही त्यांचीच. वेताळाची आतली चित्रं अमेरिकेतून यायची, वरचं चित्र मात्र इथं रंगवलं जायचं. बाबूराव पेंटरांच्या गावात वाढलेल्या माणसाला त्या मुखपृष्ठांतला कुंचला लगेच कळतो, असा माझा दावा आहे. तो कुणी मान्य करावा असा आग्रह नाही.

मालिकेचा शेवटचा क्रमांक ८०५, पण अंक ८०३च. टाइम्समध्ये संप झाला तेव्हा १२३ आणि १२४ हे क्रमांक निघालेच नाहीत. यादी करून बसलेल्या संग्राहकांच्या वहीत या दोन चौकटी कायमच्या कोऱ्या राहतात. मला त्या आवडतात. जगातला श्रीमंतातला श्रीमंत संग्राहकसुद्धा तिथं आमच्याच पंक्तीला बसतो.

आमच्याकडे हे अंक यायचे ते विकत घेऊन नाही. विकत घेणारी घरं वेगळी होती. त्यांचे वडील रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवरून इंग्रजी अंक आणत आणि ते कपाटात जात. आम्ही मंगळवार पेठेतली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्यानं वाचायचो. पेठेत कुणीतरी दोन खिळ्यांना सुतळी ताणायचा आणि तिच्यावर अंक उघडे करून पालथे टाकायचा, वाळत घातल्यासारखे. तिथंच पायरीवर बसून वाचायचं तर एक दर, घरी न्यायचं तर दुसरा. पायरीवर मुलीनं बसणं आमच्या आजीला चालत नसे, म्हणून दादा अंक घरी आणायचा आणि जास्तीचे पैसे माझ्या खाऊतून वळते व्हायचे. मी पुढं आयुष्यभर बँकेत व्याजाचे हिशेब केले. सुरुवात ही अशी झाली.

एक अंक घरात आला की तो किती जणांच्या हातून जायचा! दादा, मी, वरच्या मजल्यावरची दोन मुलं, आणि जेवणानंतर आई. आईला मारामारीत गम्य नव्हतं. ती फक्त डायनाचं बघायची. "लागलं का रे त्याचं लगीन?" हा तिचा ठरलेला प्रश्न. वेताळ आणि डायना पामर यांचं लग्न ली फॉकनं एकेचाळीस वर्षं लांबवलं. ते लागलं १९७७च्या अखेरीला. मँड्रेकसुद्धा त्या लग्नाला होता. ते लग्न इंद्रजालमध्येही आलं, पण सुतळीवरचा तो अंक आमच्या हाती लागायच्या आत कुणीतरी पळवला. आईला आम्ही तोंडीच सांगितलं, लागलं एकदाचं. तिनं विचारलं, "पत्रिका कुठाय?"

तर मी शोधतेय त्यात लग्नाचा अंक पहिला. बाकी मिळतील ते.

लक्ष्मीपुरीत रद्दीची दुकानं आहेत. आत शिरलं की ओल्या कागदाचा आणि गुळाच्या पोत्याचा मिळून एक वास येतो. वजनकाटा दारात, मालक काट्यामागं आणि त्याच्यामागं छताला टेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे. बाईमाणूस रद्दी विकायला येतं, घ्यायला येत नाही, हे तिथलं गृहीत. मी वेताळाचं नाव काढल्यावर एका मालकानं मला शिवाजी पेठेतल्या वेताळमाळ तालमीचा पत्ता सांगितला. त्यांची काही चूक नव्हती; या गावात वेताळ म्हटल्यावर आधी तालीमच आठवणार. कॉमिक्स म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "ते व्हय? ताई, ते आता कुठलं मिळतंय! आमचे वडील असताना पोत्यानं यायचं. शेंगदाणेवाले उचलायचे. पान लई बेताचं, एका पानात एक पुडी."

म्हणजे खासबागेच्या कठड्यावर बसून आपण खाल्लेल्या शेंगदाण्यांच्या पुड्यांत डेंकालीचं अर्धं जंगल गेलंय. डेंकाली हा खास इंद्रजालचा प्रदेश. मूळ चित्रपट्टीत वेताळाचा मुलूख म्हणजे बंगाला. आपल्याकडे बंगालशी घोळ होऊ नये म्हणून तो डेंकाली केला गेला. सिंग चाचे सिंगा झाले. ज्या राम नावाच्या खुन्यानं विसाव्या वेताळाला दगा दिला, त्याचं नाव रामालू केलं. संपादकांनी एवढी काळजी घेतली होती. पुडीत बांधायच्या वेळी कुणी एवढं बघितलं नाही.

पुड्यांतून वाचलं ते पाण्यानं नेलं. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला एका ओळखीच्या घरी जुन्या अंकांची पत्र्याची ट्रंक आहे, असं मला कळलं होतं आणि आज जाऊ, उद्या जाऊ करत होते, तेवढ्यात पूर आला. नंतर ती ट्रंक मी पाहिली. आत अंक होते, पण सगळ्यांचा मिळून एकच अंक झाला होता. विटेसारखा. वरच्या पानावर जांभळा रंग उतरलेला तेवढा ओळखू येत होता.

आणि पूर न येताही अंक मरतातच. न्यूजप्रिंट पिवळं पडतं, कडा भाकरीच्या पापुद्र्यासारख्या तुटतात. पण खरा घात करतात त्या दोन पिना. आमच्याकडच्या पावसात त्या गंजतात, गंज कागदात उतरतो, भोक मोठं होतं आणि आधी सुटतो तो मधला जोडकागद. म्हणून जुना अंक मिळाला तर हमखास मधली चार पानं नसतात. वेताळ धबधब्याच्या टोकाशी उभा आहे, खाली मगरी आहेत. पान उलटावं तर तो कोट-टोपी घालून शहरातल्या हॉटेलात बसलेला. मधे काय झालं ते देवाला ठाऊक आणि ली फॉकला. फॉक १९९९मध्ये वारला.

हल्ली या अंकांना भाव आलाय. इंग्रजी पहिला अंक हजारांत बोलतात. मुंबई-पुण्याचे संग्राहक पारदर्शक पिशवीत, मागं पुठ्ठा घालून अंक ठेवतात. पिना मूळच्या आहेत का, मागच्या पानावर नाव लिहिलंय का, कोडं सोडवलंय का, असं सगळं तपासतात. कोडं सोडवलेलं असलं की किंमत पडते. मराठी अंक या बाजारात फार दिसत नाहीत, आणि त्याची चर्चा मात्र अशी होते, जणू मराठी माणसाला जपायची अक्कलच नव्हती. मला ते पटत नाही. कपाटात गेलेला इंग्रजी अंक एका घरानं वाचला, फार तर दोन. सुतळीवरच्या मराठी अंकाला एका सुट्टीत सबंध गल्लीचे हात लागायचे. तो फाटणारच. आज तो मिळत नाही, तो याच हिशेबानं. ज्याचा पिशवीतला अंक कोराकरकरीत आहे, त्यानं तो अंक का वाचला नाही, असा प्रश्न कुणी विचारत नाही.

ऑस्ट्रेलियात फ्रू नावाची प्रकाशनसंस्था १९४८पासून वेताळ छापतेय, अजून छापते, जुन्या गोष्टी पुन्हा काढते. स्वीडनमध्ये १९५०पासून त्याचं नियतकालिक आहे. पापुआ न्यू गिनीत तर वाहगी खोऱ्यातल्या लढवय्यांनी आपल्या ढालींवर वेताळ रंगवलेत, मरत नाही असा माणूस ढालीवर असलेला बरा म्हणून. त्यांना जुने अंक शोधायला लक्ष्मीपुरीत जावं लागत नाही. आपल्याकडे १९९०नंतर मराठी वेताळाला फारसा वाली उरला नाही.

तर त्याच लक्ष्मीपुरीत, शेंगदाण्यांची हकीकत सांगणाऱ्या मालकानं काही दिवसांनी निरोप धाडला. "ताई, पुस्तक आहे एक. कॉमिक्सचं हाय, पन जाड हाय."

ते बांधीव पुस्तक होतं. दहा-बारा इंद्रजाल एकत्र करून बांधलेले. एखाद्या भाड्याच्या लायब्ररीचं असणार, कारण आतल्या बाजूला तारखांचा कागद चिकटवलेला होता आणि शिक्क्याचा जांभळा डाग होता. नाव वाचता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना पुठ्ठा, त्यावर रोजमेळाच्या वह्यांना असतो तसला अबरी कागद, पाठीला तांबडी कापडी पट्टी. खळीच्या वासानं आलेल्या कसरीनं पट्टीची एक कड कुरतडलेली. बाइंडरनं दाभणानं भोकं पाडून कडेनं जाड दोरा ओवला होता, त्यामुळं पुस्तक पूर्ण उघडत नाही. आतल्या बाजूच्या चौकटीतलं एखादं अक्षर वाचायला मान वाकडी करून डोकवावं लागतं. मग तीन बाजूंनी कटिंग केलेलं. त्यात वरचा भाग गेला, म्हणजे अंकाचा क्रमांक गेला, किंमत गेली. मुखपृष्ठं तर एकाही अंकाला नव्हती; ती कुठल्यातरी सलूनच्या भिंतीवर गेली असणार. संग्राहकाच्या लेखी हे पुस्तक म्हणजे दहा-बारा खून.

मी ते तिथंच पोत्यावर बसून चाळायला घेतलं. दोन भागांची एक गोष्ट होती. बाइंडरनं दुसरा भाग आधी घातला होता आणि पहिला नंतर. दुसऱ्या भागाच्या पहिल्या पानावर, डोक्यावरच्या मोकळ्या जागेत, शिसपेन्सिलीनं ठळक लिहिलेलं होतं: आधी मागचं वाचा.

आणि पुढं धबधब्याच्या गोष्टीच्या एका अंकात मधली चार पानं नव्हती. त्या जागी शाळेच्या वहीतला एकरेघी कागद होता. कुणी ठेवून दिलेला नाही, दोऱ्यात ओवून बांधलेला. त्यावर निळ्या शाईत, शाळकरी पण नीटस अक्षरात गेलेल्या पानांची गोष्ट लिहिलेली. वेताळ पाण्यात पडतो. त्याला शुद्ध नसते. मगर येते. तेवढ्यात त्याचा लांडगा उडी मारतो व त्यास ओढून काठावर आणतो. मग बुटके लोक औषध देतात. तीन दिवसांनी तो बरा होतो. आता पुढे वाचा. 'त्यास' आणि 'व' बघून मला हसू आलं. इतिहासाच्या पेपरात लिहितात तशी ती भाषा होती. कागदाच्या कडेला समास आखलेला होता. पुस्तक बांधायला देण्याआधी कुणीतरी बसून हे लिहिलं, आणि बाइंडरनं ते जागच्या जागी लावलं.

मालक काट्याकडं बघत म्हणाले, "किलोवर देऊ का कसं?" मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी विचार बदलला. "दोनशे द्या." घासाघीस करायचं भान मला राहिलं नाही, आणि ते त्यांनाही दिसलं.

या पुस्तकाची बातमी मिरजेच्या एका गृहस्थांना लागली. निवृत्त मुख्याध्यापक, आणि मराठी इंद्रजालचे या भागातले जाणकार. त्यांची वही मी पाहिली आहे: गोष्ट, नायक, पानं पूर्ण की अपूर्ण, कुठून मिळाला, सगळं हिरव्या शाईत. १२३ आणि १२४च्या चौकटींत त्यांनी 'संप' असं लिहून ठेवलंय. त्यांचा फोन आला. माझ्या बांधीव पुस्तकात बहादूरचा एक अंक आहे, तो त्यांच्याकडे नाही. आणि त्यांच्याकडे वेताळाच्या लग्नाचे दोन अंक आहेत. सुटे, मुखपृष्ठासह.

"मॅडम, अदलाबदल करू. मी ब्लेड घेऊन येतो. दोरा कापला की अंक अलगद निघेल."

मी म्हटलं, या.

ते आले, खरंच ब्लेड घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून. लग्नाचा अंक त्यांनी टेबलावर ठेवला. आई आता नाही, नाहीतर पत्रिका म्हणून तिच्या हातात दिला असता. चहा झाला. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं, कुठून कापायचं ते ठरवलं, आणि मग शिक्षकाच्या सवयीनं पहिल्यापासून चाळायला लागले. 'आधी मागचं वाचा' वाचून त्यांनी चष्मा वर केला. एकरेघी कागदापाशी मात्र ते बराच वेळ थांबले.

"अक्षर सातवीतलं," ते म्हणाले. "आठवीत बिघडतं."

मी सांगून टाकलं, की हा दोरा कापून द्यायचं माझ्या मनात नाही. बहादूर सुटा झाला तर तो एकरेघी कागदही सुटा होईल आणि सुट्या कागदाचं काय होतं ते दोघांनाही माहीत होतं. ते रागावले नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाले, या धबधब्याच्या गोष्टीचा पूर्ण अंक माझ्याकडे घरी आहे. हे पुस्तक महिनाभर द्या, ताडून बघतो, बहादूरही वाचून होईल. लग्नाचा अंक इथं तारण राहू दे. तारणावर कर्ज देण्यात माझी अख्खी नोकरी गेली होती. मी पुस्तक दिलं. ब्लेड त्यांनी पुन्हा गुंडाळून खिशात ठेवलं.

महिना उलटला. मी फोन केला तर म्हणाले, अजून वाचतोय. नंतर केला तर पुस्तक त्यांच्या मिसेसनी घेतलं होतं. त्याच्यापुढच्या वेळी नातीनं. मुदतवाढीला व्याज लावता येत नाही, एवढीच माझी हळहळ.

मग एका रात्री त्यांचाच फोन आला, आवाज चढलेला.

"मॅडम, त्या पोरानं सगळं रचलंय! मूळ पानं काढून बसलोय समोर. लांडगा त्यात नाहीच. मगरसुद्धा नाही. वेताळ आपला आपण पोहून बाहेर येतो, दोन चौकटींत. बुटक्यांचं औषध नाही, तीन दिवस नाहीत, काही नाही."

मी विचारलं, कोणतं बरं वाटलं?

त्यावर ते एकदम मुख्याध्यापक झाले. बरं-वाईट हा प्रश्न नाही म्हणाले. पुढचा वाचणारा फसायला नको. मूळ पानांची झेरॉक्स काढून तिथं चिकटवली पाहिजे, माझी हरकत नसेल तर.

"चिकटवा," म्हटलं, "पण त्या एकरेघी कागदाच्या मागं. पुढं नको. आणि खळ लावू नका, कसर येते. पावसाच्या आत पुस्तक आणून द्या."

"नातीचं होऊ दे," ते म्हणाले.